एकोणीस चिंचोके

गोकर्णाच्या अलीकडे,
१२ नोव्हेंबर २०२४

कांता आत्तीला,

लांबूनच पाया पडतो. पत्र बघून घाबरू नको, मी धडधाकट आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि माझा फोन इथं आलो त्याच आठवड्यात समुद्रात पडला. खेकड्यामुळं झालं ते, मोठा किस्सा आहे, पुढं सांगतो.

या योग-आयुर्वेद केंद्राचे मालक ओमकार सर आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतले. आधी कॉम्प्युटर कंपनीत होते. ते म्हणतात, माणसाचं निम्मं दुखणं फोनमुळं. म्हणून दारातच एक लाकडी पेटी, आल्या आल्या पाहुण्यांचे फोन त्यात. जगभरातनं माणसं येतात गं. पहाटे प्राणायाम, मग कारल्याचा रस, मग कपाळावर तेलाची धार. दिवसभर उपाशी राहायला लोक विमानानं येतात. मी एकाला म्हटलं, आमच्या जैन बस्तीत चातुर्मासात या, फुकटात उपाशी ठेवू. त्यानं वहीत लिहून घेतलं.

माझं काम म्हणजे टॉवेल वाळत घालणं, काढे पोचवणं, आणि स्वयंपाक्याशी कानडीत भांडणं. पण मागच्या मंगळवारी गंमत झाली. डेन्मार्कची इंगरिड म्हणून एक बाई, साठीची असेल, चिऱ्याच्या पायरीवरनं घसरली. पाय भोपळ्याएवढा. फोटो काढून आणला, हाड शाबूत होतं. वैद्य कुमठ्याला गेलेले. मला आठवलं, दिवाळीत तू दिलेल्या तेलाच्या दोन बाटल्या पिशवीत आहेत. तू चोळतेस तसं अंगठ्यापासनं वर चोळलं, वर एरंडाचं पान बांधलं. चौथ्या दिवशी बाई समुद्रावर चालायला लागली. आता जो तो मला नमस्कार करतोय. काल एकानं माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, माझ्या हातात कारल्याचा ट्रे होता.

अजून दोन बाटल्या पाठव.

तुझा,
वृषभ

(खेकड्याचं राहिलंच.)


अक्कोळ, ता. निपाणी
२० नोव्हेंबर २०२४

चि. वृषभला आशीर्वाद.

बोलणार मी, लिहिणार क्षमा. तिला सांगितलंय, मी बोलते तसंच लिही, शाळेतल्यासारखं नको.

त्या बाईचा पाय उतरला का? तू लिवलंस, चालायला लागली. चालायला काय, माणूस लंगडत बी चालतंय. तिच्या तोंडानं ‘उतरलं’ असं आलं का, तेवढं कळव. आपल्याकडं कसं, दुखणारा बरा झाला की उंबऱ्यावर येऊन ‘आत्ती, उतरलं’ म्हणून जातो. पैसा न्हाय, नारळ न्हाय, तेवढा शब्द.

बाटल्या पाठवल्यात. पण कुणाकुणाला देशील ते नावानिशी लिही.

कांता आत्ती

भावजी, क्षमाकडून दोन ओळी. तुमचं पत्र आत्तींनी दोनदा वाचून घेतलं आणि तडक परसात चिंचेखाली गेल्या. एक चिंचोका आणून देवघराच्या कोनाड्यात ठेवला. मला वाटलं तुमची आठवण आली असेल. लहानपणी चिंचा चोरायचात म्हणे. आता तेल चोळून पाया पडून घ्यायला लागलात, प्रगती आहे.


गोकर्णाच्या अलीकडे,
५ डिसेंबर २०२४

आत्ती,

नावं काय सांगू, अकरा झाले. इंगरिड धरून. दोन जर्मन, एक जपानी मुलगी, ऑस्ट्रेलियाचं एक जोडपं (दोघांची मान एकाच दिवशी धरली, रात्री भांडले असतील), बाकीच्यांची नावं जिभेवर बसत नाहीत. तुझं तेल आता सात समुद्रांपलीकडं गेलं म्हण. इंगरिड तर पंधरा दिवसांपूर्वीच घरी गेली, जाताना उरलेली अर्धी बाटली घेऊन गेली.

ओमकार सरांनी तुझा फोटो मागितला. माझ्याकडं युवराजदादा आणि क्षमा वहिनीच्या लग्नातला एकच होता, सगळ्या घराचा. त्यातनं तुला कापून मोठं केलं आणि दारात लावलंय. तुझ्या खांद्यावर युवराजदादाचा हात तेवढा राहिलाय, त्यावर सरांनी कमळ चिकटवलं. खाली लिहिलंय ‘सात पिढ्यांची परंपरा’. मी म्हटलं, तुझ्या आज्जीच्या मागं आम्हाला काही माहीत नाही. ते म्हणाले, तीन म्हटलं की लोकांना घरगुती वाटतं, सात बरोबर वाटतं.

इथं एक रशियन आहे, तो मला ढोल वाजवायला शिकवतोय. खरं म्हणजे हलगी मलाच चांगली येते, पण तो पाण्यात बसून वाजवतो. त्यावरनं आठवलं, डॉल्फिन बघितले. पाच. एक लांब होता, तो लाकूडही असेल.

आणखी तेल पाठव. तू लई मोठी झालीयस इथं.

वृषभ


अक्कोळ
१६ डिसेंबर २०२४

वृषभा,

डॉल्फिनचं वाचलं. विचारलं ते लिवलंच न्हाईस.

अकरातले किती उतरले? जपानच्या पोरीचं काय? डेन्मार्कची बाई गेली, ती सांगून गेली का न सांगता गेली? एकेकाचं नाव लिहून त्याच्यापुढं लिही.

माझा फोटो काढ. माझ्या खांद्यावर कमळ कशाला, मी काय तळं हाय?

तेल पाठवत न्हाय. निरगुडीचा पाला झडलाय.

माझं बरं हाय. जेवते दिवस मावळायच्या आत.

कांता आत्ती

भावजी, पाला झडलेला नाही, बांधावर हिरवागार आहे. मी बोलले तर म्हणाल्या, तू लिही सांगितलं तेवढं. आणि आत्ती हल्ली आमटी फोडणीआधीच वेगळी काढून घेतात. मी मिठाला हात लावायच्या आत यांची वाटी भरलेली. विचारलं की म्हणतात, तोंडाला चव न्हाय. बरं, तुमची पाण्यातली ढोलकी काय म्हणते?
— क्षमा


गोकर्णाच्या अलीकडे,
८ जानेवारी २०२५

आत्ती,

तुझा हिशेबी स्वभाव कळला. किती बरे झाले म्हणून विचारतेस ना, सोबत छापील कागद जोडलाय. प्रत्येकानं जाताना चांदण्या द्यायच्या असतात, पाचपैकी. तुझ्या तेलाला सगळ्यांनी पाच दिल्यात. एका पाहुण्यानं चार, पण तो म्हणाला वासामुळं.

एकूण एकोणीस झाले. शेवटचा हॉलंडचा पीट, सत्तर वर्षांचा बागवान. समुद्रावर खड्ड्यात पाय गेला. २९ डिसेंबरला चोळलं, दुसऱ्या दिवशी त्याचं विमान. लंगडतच गेला, पण हसत गेला. त्याच्याबरोबर बाटली संपली.

आता मोठी बातमी. पोर्तुगालात असंच एक केंद्र आहे, तिथली मालकीण इथं आली होती. मला घेऊन जाते म्हणाली. व्हिसा, राहणं, सगळं तिच्याकडं. आत्ती, पोर्तुगाल. निपाणीतनं सुरतला गेलो, तिथनं मनालीला, तिथनं इथं, पण विमानात अजून बसलो नाही. एकच अट आहे. तेलाची कृती कागदावर लिहून द्यायची, मापासकट. तिळाचं तेल आणि निरगुडी मला माहीत आहे, पुढचं दिवाळीत तू सांगत होतीस ते नीट आठवत नाही. क्षमा वहिनीला सांग आणि लिहून पाठव. मार्चच्या शेवटी जायचंय.

वृषभ


अक्कोळ
१७ जानेवारी २०२५

वृषभ भावजी,

हे पत्र आत्तींनी सांगितलेलं नाही. त्या झोपल्यात, सलाईन लावलंय. केंद्राच्या नंबरवर मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा बासरी वाजली आणि एक बाई इंग्रजीत म्हणाली, दीर्घ श्वास घ्या. मी घेतला. मग फोन कट झाला.

परवा सकाळी आत्ती परसात चक्कर येऊन पडल्या. निपाणीला नेलं. रक्त तपासलं, डॉक्टर म्हणाले, अंगातलं मीठ भलतंच उतरलंय, या वयात जिवावर बेतलं असतं. हे म्हणाले, आमच्या घरात मिठाला तोटा नाही. तेव्हा आत्तींनी मला जवळ बोलावून सांगितलं.

तुमच्या घरची रीत आहे म्हणे ही. मला दोन वर्षांत कुणी बोललं नाही. तेल दिलं की देणाऱ्यानं अळणी जेवायचं. दुखणारा बरा होऊन ‘उतरलं’ म्हणेपर्यंत. एका माणसामागं एक चिंचोका कोनाड्यात ठेवायचा, तो सांगून गेला की चिंचोका परसात टाकायचा. गावातली माणसं चार दिवसांत, फार तर आठ दिवसांत येऊन सांगतात, त्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही. आत्ती आयुष्यभर अधूनमधून अळणी खात आल्यात.

आता कोनाड्यात एकोणीस चिंचोके आहेत. तुमचे. त्यांतला एकही सांगायला आला नाही, कारण ते डेन्मार्कला गेले. आत्ती नोव्हेंबरपासून मीठ खात नाहीत. म्हणून त्या प्रत्येक पत्रात विचारत होत्या, आणि तुम्ही डॉल्फिन मोजत होता.

मी म्हटलं, आत्ती, तेल त्यानं दिलं, अळणी त्यानं खावं. म्हणाल्या, “त्येला ठाऊकच न्हाय. दिवाळीत सांगत हुते तवा उसात फवारणीचा ड्रोन आलता, तो बघायला पळाला. ज्याला ठाऊक त्येनं धरायचं.” मी म्हटलं, मग तेल पाठवलंत कशाला? म्हणाल्या, “पाय दुखतोय म्हटल्यावर न्हाय कसं म्हणायचं गं?”

डॉक्टर मीठ-साखरेचं पाणी प्या म्हणतात, त्या तोंड मिटून बसतात. सलाईनला मात्र हात पुढं केला. सुईतनं गेलेलं खाल्लं म्हणत नाहीत, असा निकाल त्यांनी स्वतःच दिलाय. पण रोज सुई कुठनं लावायची?

तुमचा चांदण्यांचा कागद वाचून दाखवला. म्हणाल्या, “चांदण्या कशाला, तोंड न्हवतं व्हय त्यास्नी?”

काय करायचं ते करा.

क्षमा


गोकर्णाच्या अलीकडे,
२३ जानेवारी २०२५

क्षमा वहिनी,

पत्र मिळालं तेव्हा मी एका इटालियनाला भाकरी थापायला शिकवत होतो, त्याची भाकरी गोव्याच्या नकाशासारखी, ते असो. असो म्हणजे खरंच असो. आज मला मुद्द्यावर राहायचंय.

ड्रोनचं खरं आहे. पिवळा होता.

पत्र वाचून मी पहिल्यांदा काय केलं ते तुम्हाला सांगून टाकतो. डाव्या हातानं इंग्रजीत एक पत्र लिहिलं, खाली ‘इंगरिड’ म्हणून सही केली. म्हटलं, अशी एकोणीस लिहावी, वेगवेगळ्या शाईत, आत्तीचं सुटेल. दुसरं लिहायला घेतलं आणि पीटचा पाय डोळ्यासमोर आला. तो उतरला की नाही ते मला माहीतच नाही. एकाचंही माहीत नाही, वहिनी. मी कुणालाच विचारलं नव्हतं. दोन्ही कागद फाडले.

मग ओमकार सरांकडं गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे फार मोठं आहे, याचं आपण शिबिर काढू, ‘देणाऱ्याचा उपवास’. मी म्हटलं, सर, आधी तुम्ही आठ दिवस अळणी खा. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गाडी काढून लोणचं आणायला गेले. पण माणूस वाईट नाही. आत्तीचा फोटो स्वतः उतरवला, कार्यालयाचा कॉम्प्युटर मला उघडून दिला. नोंदवहीतनं पत्ते काढून अठरा जणांना मेल केला. लिहिलं की तुमचं दुखणं उतरलं असलं तर माझ्या आत्तीला स्वतःच्या हातानं कार्ड लिहा, तिला मेल चालत नाही. उतरलं नसलं तर तेही लिहा, खोटं लिहू नका. का, तेही सांगितलं. पीटचा मेलच नाही, नुसता घराचा पत्ता, त्याला मी कागदावर लिहिलं.

परदेशातनं कार्ड यायला महिना लागेल. तोवर काय?

मी परवापासून मीठ सोडलंय. पहिल्या घासाला वाटलं भिंत चाटतोय. मी इथं अळणी जेवलो तर आत्तीला तिथं मीठ चालतं का, विचारा.

वृषभ

पोर्तुगालवालीला अजून काही कळवलेलं नाही.


अक्कोळ
१४ मार्च २०२५

वृषभा,

तू अळणी जेवतोस हे क्षमानं सांगितलं. तसं लांबनं चालत न्हाय. नेम हातातनं हातात जातो.

कार्डं आली. पोस्टमन शामू आता सायकल आत आणूनच लावतो, त्येला बी ऐकायचं असतंय. क्षमा इंग्रजी वाचती, मग मराठीत सांगती, मग मी चिंचोका टाकते. पहिलं त्या डेन्मार्कच्या बाईचं आलं. तिनं लिवलंय, ‘उतरलं. मला ठाऊक असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं. आज मी बी मीठ घातलं न्हाय.’ भली बाई हाय. जपानच्या पोरीनं पायाचं चित्र काढून पाठवलंय, एकेक बोट नीट. ऑस्ट्रेलियाच्या नवऱ्यानं लिवलंय, ‘माझी मान उतरली, बायकोचं ती सांगेल.’ तिचं आठ दिवसांनी वेगळं आलं. एका जर्मनानं लिवलंय, ‘उतरलं न्हाय, ऑपरेशन केलं, आता बरा हाय.’ ते बी धरलं. दुखणं गेल्याशी मतलब. चार चांदण्यावाल्यानं वासाची माफी मागितलीय.

अठरा झाले. एक ऱ्हायला, हॉलंडचा. एकाला किती दिवस लागायचे. डॉक्टर रागावतो, रागावू दे. पंधरा दिवसांनी एकदा सुई लावतो.

क्षमानं इचारलं, नेम दुसऱ्याला देता येतो का. येतो. माझ्या आज्जीनं शेवटच्या वर्षी माझ्या हातावर तीन चिंचोके ठेवले, मी सोळाची हुते. त्या दिवसापास्नं तेल माझं झालं. पण चिंचोका घेणारा फिरत ऱ्हायला तर दुखणाऱ्यानं सांगायला कुठल्या उंबऱ्यावर जायाचं? म्हणून तुला सांगत न्हाय. तुझ्या पायाला भिंगरी हाय. तू पोर्तुगालला जा, विमानात बस. कृती हवी तर लिहून देते, त्यात लपवण्यासारखं काय न्हाय. तिळाचं तेल, निरगुडी, थोडी लसूण, मंद आच. बाकीचं तुला आता ठाऊक हाय.

कांता आत्ती

भावजी, एवढं नाव लिहायला त्या तीनदा थांबल्या. सही बघा.
— क्षमा


अक्कोळ, ता. निपाणी, जि. बेळगाव
३० मार्च २०२५

पीट काकांना,

मी वृषभ. गोकर्णाजवळ तुमचा घोटा चोळला तो. जानेवारीत एक पत्र पाठवलं होतं, ते बहुधा पोचलं नाही. हे मी माझ्या भाषेत लिहितोय, आमची क्षमा वहिनी इंग्रजीत करून देईल. ती शिक्षिका आहे, त्यामुळं माझं इकडंतिकडं गेलेलं ती कापणार. कापू नका वहिनी.

काका, तुमचा पाय कसा आहे? आमच्यात दुखणारा ‘उतरलं’ म्हणेपर्यंत तेल देणारा अळणी जेवतो आणि त्याच्या नावाचा एक चिंचोका घरात ठेवतो, म्हणून विचारतोय.

मी पोर्तुगालला जाणार होतो. गेलो नाही. बसनं इकडं आलो. संकेश्वरात गाडी थांबली, रसवंतीवाल्यानं उसाच्या रसात मीठ टाकायला चिमूट उचलली, मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, “डॉक्टरनं बंद केलंय व्हय?” मी म्हटलं, आत्तीनं.

घरी पोचलो तेव्हा आत्ती अंगणात बसलेली. लई वाळलीय. मी हात पुढं केला. ती म्हणाली, “कशाला आलास? विमान चुकलं व्हय?” मी हात तसाच धरला. ती उठून आत गेली, आणि तुमचा चिंचोका आणून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाली, “ह्येला हरवू नको. तुझा फोन हरवतो तसा.” मी खेकड्याचं सांगायला लागलो, ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे.”

मग क्षमा वहिनीनं आमटी वाढली. सगळ्यांची असते तीच, मीठ घातलेली. आम्ही सगळे आत्तीच्या तोंडाकडं बघत बसलो. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“लई खारट केलीस गं.”

“आत्ती, रोजच्याएवढंच घातलंय.”

“रोज असलं खाता व्हय तुम्ही?” असं म्हणून तिनं वाटी संपवली, आणि पुन्हा पुढं केली.

मी शेजारी माझी अळणी वाटी घेऊन बसलो होतो. सवय होते हो. वांग्याला मुळातच गोडी असते, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. डॉक्टरांना दाखवून आलोय. म्हणाले, तरुण आहेस, दूध पी, महिन्याला रक्त तपासून घे, आणि आत्तीसारखं लपवू नको.

म्हणून हे पत्र. तुमच्या भाषेत लिहा, कुठल्याही भाषेत लिहा. उतरलं असलं तर उतरलं म्हणा. नसलं तर तसं कळवा, बाटली पाठवतो, त्यात मी स्वतः ढवळलेलं तेल असेल. पहिला घाणा करपला, तो

थांबा, दारात कोणीतरी आलंय.

तासाभरानं लिहितोय. नागोजी होता, शेजारच्या मळ्यातला. ट्रॉलीवरनं उडी मारली, पाय मुरगळला. आधी आत्तीनं हाड चाचपून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि बाजूला सरकली. मी चोळलं. नागोजी म्हणाला, “ह्यो टिकतोय का हितं? मी उतरलं म्हणून सांगायला यायचो आन् ह्यो मनालीला.” आत्ती म्हणाली, “तुला उतरतंय तवर तर बसतोय.” मग मी परसात जाऊन चिंचेखालनं एक चिंचोका उचलून आणला. आता कोनाड्यात दोन आहेत, तुमचा डावीकडचा.

नागोजी आठ दिवसांत येऊन सांगेल. तुमचं तुम्ही सावकाश सांगा, पाय पूर्ण बरा होऊ दे. पत्ता वर लिहिलाय. मी इथंच आहे.

तुमच्यासाठी अळणी जेवणारा,
वृषभ